अंगठ्याच्या मुळाशी

परभणी आणि मानवत रोड या दोन स्टेशनांच्या मधे पेडगाव लागतं. दसऱ्यानंतर या पट्ट्यातून रेल्वेनं गेलं की दोन्ही अंगांना काळी रानं आणि त्यांत फुटलेला कापूस. पोटाशी ओटी बांधून पऱ्हाटीत वाकलेल्या बाया खिडकीतून रंगीत ठिपक्यांसारख्या दिसतात आणि गाडी पुढे निघून जाते. मला हा कापूस पहिल्यांदा नीट दिसला तो एका अंगठ्यामुळे.

गावात आमच्या नात्यातलं एक घर आहे. तिथे वेचणीला येणाऱ्या मावशींनी एकदा सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या हात पुढे केला. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाचं हाड जिथे वर येतं तिथे, चिंधी बांधलेली. चिंधीखाली हळद आणि थोडा फुगवटा. "शीर धरलीय बघा भाऊ. भाकर थापायला गेलं की इथनं कळ निघते ती पार कोपरापस्तोर." मी त्यांना अंगठा मुठीत घालायला सांगितलं आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवली. "अगं आई!" म्हणून त्यांनी हात काढून घेतला. निदान तिथेच झालं. आठ दिवसांनी परभणीच्या डॉक्टरांनी कागदावर नाव लिहिलं: डी क्वेर्व्हेन.

नाव स्विस आहे. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या शल्यविशारदानं १८९५ मध्ये हे दुखणं वर्णन केलं. मुठीच्या त्या चाचणीला मात्र फिंकेलस्टाइनचं नाव आहे. गंमत अशी की फिंकेलस्टाइननं १९३० मध्ये सांगितलेली कृती थोडी वेगळी होती. अंगठा मुठीत दाबून मनगट झुकवण्याची रीत आइशहॉफ नावाच्या डॉक्टरची, त्याच्या आधीची. जगभरचे डॉक्टर रोज आइशहॉफची चाचणी करतात आणि श्रेय फिंकेलस्टाइनला देतात. आपल्याकडेही असं पुष्कळ चालतं, त्यामुळे नवल वाटू नये.

मराठीत 'शीर' हा फार सोयीचा शब्द आहे. रक्त वाहते ती शीर, मुंग्या आणते ती शीर आणि आखडते तीही शीर. मावशींची धरलेली शीर रक्ताची नव्हती आणि संवेदनांचीही नव्हती. ती होती कंडरा. शाळेच्या पुस्तकात तिला स्नायुरज्जू म्हणतात. स्नायू हाडाला थेट चिकटत नाही, त्याच्या टोकाला एक पांढरी, चिवट दोरी होते आणि ती हाडात घुसते. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या मांसल भागात असतात. तिथून दोऱ्या निघतात, मनगट ओलांडतात आणि बोटांना ओढतात. एका हातानं दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरून बोटं नाचवून पाहा, सगळा कारखाना कुठे आहे ते कळेल.

या दोऱ्या मनगटापाशी मोकळ्या सोडल्या असत्या तर हात वाकवताच धनुष्याच्या दोरीसारख्या वर उचलल्या गेल्या असत्या. म्हणून त्यांना चिवट पट्ट्यांच्या बोगद्यातून नेलेलं असतं. परकराच्या नेफ्यातून नाडी जाते, अगदी तसं. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या नेफ्यातून दोन नाड्या जातात. एक अंगठा बाहेर फाकवते, दुसरी तो ताठ करते. या नेफ्याचं कापड जाड झालं की आतली जागा कमी होते आणि दोन्ही नाड्या घासत जातात. हे झालं मावशींचं दुखणं. आणि नाडीलाच गाठ पडली तर? मग ती नेफ्याच्या तोंडाशी अडते, जोर लावला की 'टक्' करून निसटते. बोटाच्या बाबतीत तेच होतं: सकाळी वाकलेलं बोट सरळ होत नाही, दुसऱ्या हातानं ओढलं की खटका दाबल्यासारखं उघडतं. त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. मधुमेह्यांमध्ये ते जास्त दिसतं.

आता वेचणीकडे. बोंड फुटलं की त्याच्या कवचाची टोकं वाळून सुईसारखी होतात. त्यांच्या मधून चार-पाच पाकळ्यांचा कापूस तीन बोटांच्या चिमटीत धरायचा, मनगट किंचित फिरवायचं आणि ओढायचं. कवडी मागे राहता कामा नये आणि पाचोळाही यायला नको, नाहीतर मालक बोलतो. एका बोंडातून सरकीसकट चार ते पाच ग्रॅम कापूस निघतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. एखादीनं दिवसात तीस किलो वेचला असं धरा. म्हणजे साडेसहा-सात हजार बोंडं झाली. आठ तासांनी भागलं तर मिनिटाला चौदा, सव्वाचार सेकंदांना एक. दोन्ही हात चालतात हे खरं, पण उजवा जास्त चालतो. अंगठा, चिमूट, वळण, ओढ: एकच हालचाल, एकाच दिशेनं, हजारो वेळा, आणि उद्या पुन्हा तेवढीच.

त्यात कुठली एक ओढ जड असते? एकही नाही. बोंड पाच ग्रॅमचं! ओझं उचलून कंबर धरली तर कारण दाखवता येतं, पडून हाड मोडलं तर दिवस आणि वेळ सांगता येते. इथे मावशींना विचारलं, "कधीपासून?" तर त्या म्हणाल्या, "काय की, असंच." अतिवापराच्या दुखण्याचा स्वभाव हाच आहे. घाव दिसत नाही, म्हणून तक्रारही कुणी खरी मानत नाही.

तरी हे कुणाला कळलंच नव्हतं असं नाही. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होता. त्यानं १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. तो गवंड्यांकडे, कुंभारांकडे, कपडे धुणाऱ्या बायांकडे जाऊन त्यांची कामं बघायचा. लेखनिकांबद्दल त्यानं तीन कारणं मांडली: सतत बसणं, एकाच दिशेनं होणारी हाताची न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. त्याच्या ओळखीतल्या एका कारकुनाचा उजवा हात निकामी झाला. बिचारा डाव्या हातानं लिहायला शिकला. थोड्याच काळात डाव्या हातालाही तेच झालं. एकच काम हात बदलून केलं, तर दुखणंही हात बदलतं, हे त्या माणसावरून तीनशे वर्षांपूर्वी दिसलं होतं. वेचणाऱ्या बाईला सांगतात ना, "उजवा दुखतोय तर डाव्यानं वेच गं!" तेव्हा मला हा कारकून आठवतो.

मराठी घराघरांत या प्रकारचं दुखणं पोचलं ते २००४ मध्ये, सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे. ऑगस्टमध्ये त्यानं खेळणं थांबवलं आणि 'टेनिस एल्बो' हा शब्द चहाच्या टपरीवर आला. टेनिस न खेळणाऱ्याला टेनिस एल्बो कसा, यावर तेव्हा पुष्कळ विनोद झाले. पण टेनिस एल्बो होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात रॅकेट धरलेली नसते. कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची कंडरा जिथे चिकटते, तिथे हे होतं. जड बॅट असो, सुताराचा स्क्रूड्रायव्हर असो की पिळून काढायची गोधडी, मूठ घट्ट आवळून मनगट वळवणं आलं की हा धोका आला. मे २००५ मध्ये सचिनवर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्यानं ९३ धावा काढल्या. मधले महिने त्याला बसून काढता आले, कारण त्याची मजुरी किलोवर नव्हती. हा टोमणा त्याला नाही. कंडरेला जे लागतं ते मिळालं की काय होतं, ते त्या ९३ धावांनी दाखवलं, इतकंच.

कंडरेला काय लागतं? इथे मला थोडं सावकाश जायचं आहे, कारण सगळा घोळ इथेच आहे.

डॉक्टरांच्या कागदावर पूर्वी सर्रास 'टेंडिनायटिस' लिहिलेलं असायचं, आजही असतं. शेवटच्या 'आयटिस'चा अर्थ दाह, सूज. मग सूज उतरवायची गोळी, सूज उतरवायचं इंजेक्शन, सूज उतरवायचा लेप. पण अनेक महिने दुखणाऱ्या कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा सुजेत ज्या पांढऱ्या पेशींची गर्दी अपेक्षित होती, ती फारशी दिसलीच नाही. दिसलं ते असं: कोलॅजेनचे धागे समांतर राहिलेले नाहीत, विस्कटलेत. मधे पाणचट, चिकट द्रव्य साठलंय. नको तिथे बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्याबरोबर वेदनेचे तंतू घुसलेत. डी क्वेर्व्हेनच्या नेफ्याचंही तेच, कापड सुजलेलं कमी आणि निबर झालेलं जास्त. १९७०च्या दशकापासून हे लिहिलं जात होतं. २००२ मध्ये करीम खान, जिल कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही सुजेची कल्पना आता सोडा, असं उघडच मांडलं. आता तज्ज्ञ 'टेंडिनोपथी' म्हणतात, म्हणजे नुसतं 'कंडरेचं दुखणं'. सूज अजिबात नसते असंही नाही. सुरुवातीच्या दिवसांत असते, नंतरही रासायनिक पातळीवर तिच्या खुणा सापडतात. पण मुख्य गोष्ट सूज नव्हे. मुख्य गोष्ट अर्धवट राहिलेली दुरुस्ती.

अंबाडीच्या वाखाचं चऱ्हाट ज्यांनी वळताना पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. वाख सरळ, एकसारखा घातला तर चऱ्हाट बैलाला आवरतं. घाईत, विस्कटलेल्या वाखाचं वळलं तर ते जाड दिसतं आणि तुटतं. जुनाट दुखणाऱ्या कंडरेची जाडी अशीच असते.

आता वेळेचा हिशेब. कामानं कंडरेवर ताण आला की दोन गोष्टी एकदम सुरू होतात, जुने धागे मोडणं आणि नवे विणणं. पहिला दीड दिवस मोडणं पुढे असतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मोजलंय की जोरदार व्यायामानंतर साधारण २४ ते ३६ तास हिशेब तोट्यात राहतो, त्यानंतर विणणं वरचढ होतं आणि कंडरा पूर्वीपेक्षा थोडी मजबूत होते. म्हणजे आज काम, उद्या हलकं, परवा पुन्हा काम असं चाललं तर कंडरा दणकट होत जाते. आज काम, उद्या काम, परवा काम, आणि दरवेळी तोटा भरून यायच्या आत, तर तोटा साठत जातो. वेचणी ही अशी रोजची असते. पहिल्या वेचणीत बोंडं थोडी फुटलेली असतात, हात रमतगमत चालतात, फारसं कुणाचं दुखत नाही. दुखतं ते दुसऱ्या वेचणीत, जेव्हा सगळं रान एकदम पांढरं होतं, वर आभाळ आलेलं असतं आणि मालकाला भिजायच्या आत कापूस घरात हवा असतो.

शिवाय स्नायू लवकर तयार होतो, कंडरा मागे राहते. स्नायूला रक्ताचा पुरवठा भरपूर, कंडरेला अगदी तोकडा. आठ-पंधरा दिवसांत बाईच्या हाताला वेग येतो, आणि त्या वेगाला पेलणारी दोरी मात्र अजून मागच्या हंगामाची असते. किती मागची? याचं उत्तर शोधताना विज्ञानानं अणुबाँबचा उपयोग केलाय. १९५५ ते १९६३ या काळात अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि पुढे दरवर्षी कमी होत गेला. त्या-त्या वर्षी शरीरात तयार झालेल्या ऊतींमध्ये त्या वर्षाचा शिक्का उमटतो. त्यावरून २०१३ मध्ये कळलं की टाचेच्या मोठ्या कंडरेचा गाभा सतरा वर्षांच्या वयापर्यंत तयार होतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही. पन्नाशीतली बाई ज्या दोरीवर उभी असते ती तिच्या लग्नाआधीची असते.

या दृष्टीनं खेड्यातला आठवडी बाजार मला मोठा शहाणा वाटतो. बाजाराच्या दिवशी मजूर मिळत नाही म्हणून शेतकरी कुरकुरतो. पण कंडरेला हवा असलेला मोकळा दिवस दुसऱ्या कुणी ठरवून दिलेला नाही. बैलांसाठी मात्र ठरवलेला आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढून निबर झालेले बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू चढवत नाहीत. अतिवापराच्या दुखण्याची इतकी नेमकी समज आपल्याच पंचांगात आहे, फक्त ती खुरांपुरती आहे.

बैलाचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. त्याच्या दुखऱ्या सांध्यांसाठी डायक्लोफेनॅक देण्याची पद्धत नव्वदीत पडली. तीच गोळी, जी माणसं आज किराणा दुकानातसुद्धा मागतात. मेलेल्या जनावरात राहिलेलं हे औषध गिधाडांनी खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली, अंगभर युरिक अ‍ॅसिडचे पांढरे कण साठले आणि गिधाडं संपत आली. कारण २००४ मध्ये उघड झालं, भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही. पण उन्हात दिवसभर घाम गाळून, पाणी कमी पिऊन, रोज संध्याकाळी एक गोळी अशी महिनाभर घेतली तर तेही चिडतं. जठराचं तर विचारूच नका. आणि या गोळीनं चऱ्हाटाचा विस्कटलेला वाख सरळ होत नाही. ठणका थांबतो, म्हणून बाई उद्या पुन्हा सात हजार बोंडं ओढते.

इंजेक्शनचं प्रकरण आणखी चमत्कारिक आहे. स्टेरॉइडचं इंजेक्शन टेनिस एल्बोत दिलं तर आठवड्यात जादू होते, रुग्ण डॉक्टरांना दुवा देतो. ऑस्ट्रेलियात केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६५ रुग्णांपैकी काहींना स्टेरॉइड आणि काहींना बनावट इंजेक्शन दिलं. वर्षानंतर पाहिलं तर बनावट इंजेक्शनवाल्यांपैकी ९६ टक्के बरे किंवा खूपच सुधारलेले, स्टेरॉइडवाल्यांपैकी ८३ टक्के. दुखणं उलटलं ते अनुक्रमे १२ आणि ५४ टक्क्यांत. मग स्टेरॉइड वाईटच का? नाही. मावशींच्या अंगठ्यात, म्हणजे नेफा जाड झालेल्या जागी, आणि ट्रिगर फिंगरमध्ये तेच इंजेक्शन बहुतेकांना चांगलं लागू पडतं. सुई एकच, पण दोरीत टोचली तर वेगळं आणि नेफ्यात सोडली तर वेगळं. मधुमेह असेल तर नंतर काही दिवस साखर चढते, तेही सांगून ठेवावं लागतं. "मागच्या वेळी दिलं होतं तसंच द्या" म्हणून इंजेक्शन मागणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं की ते कुठे देताय. तसंच सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या प्रतिजैविकांचं. लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गावर ती दिली जातात, पण क्वचित टाचेची कंडरा दुखावतात, तुटतेसुद्धा. अमेरिकेत २००८ पासून त्यांच्या माहितीपत्रकात काळ्या चौकटीत तशी ताकीद असते.

घरगुती उपायांबद्दल माझं मत मऊ आहे. निरगुडीचा पाला, मिठाची गरम पुरचुंडी, विटेचा शेक यांनी बरं वाटतं आणि बरं वाटणं ही लहान गोष्ट नव्हे. बिब्ब्याला मात्र माझा विरोध. दुखऱ्या मनगटावर बिब्बा लावतात, तो उततो, कातडी सोलून निघते, आणि भाजल्याच्या वेदनेपुढे मूळची वेदना आठवत नाही. त्यामुळे गुण आला असं वाटतं. कुणाच्या चांगल्या कामात खोडा घालणाऱ्याला आपण बिब्बा घातला म्हणतो, ते उगाच नाही.

मग करायचं काय? पूर्ण विश्रांती हे उत्तर निम्मंच आहे. प्लास्टरमध्ये बांधून ठेवलेली कंडरा आणखी कमकुवत होते. स्वीडनमधला हॉकन आल्फ्रेडसन हा हाडांचा डॉक्टर स्वतः टाचेच्या कंडरेनं हैराण होता. शस्त्रक्रिया करून मिळेना, तेव्हा त्यानं ती तुटावी म्हणूनच मुद्दाम तिच्यावर जोर द्यायला सुरुवात केली, अशी गोष्ट सांगतात. तुटली नाही, बरी झाली. १९९८ मध्ये त्यानं पंधरा धावपटूंकडून बारा आठवडे रोज १८० वेळा टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम करून घेतला आणि पंधराच्या पंधरा जण पुन्हा पळू लागले. यातला 'सावकाश' हा शब्द महत्त्वाचा. झटक्याची ओढ दोरी उसवते, संथ आणि पुरेसा जड ताण धाग्यांना सरळ व्हायला सांगतो. टेनिस एल्बोसाठी हेच घरी जमतं. मांडीवर कोपराखालचा हात टेकवायचा, तळवा खाली, मुठीत भरलेली लिटरची पाण्याची बाटली, म्हणजे एक किलो. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलायचं आणि दुखऱ्या हातानं चार आकडे मोजत खाली आणायचं. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते दुखणं ओसरलं नाही तर बाटलीतलं पाणी कमी करायचं. डी क्वेर्व्हेनमध्ये मात्र आधी अंगठ्याला काही आठवडे पट्टीचा आधार, मग हळूहळू व्यायाम.

बरंचसं काम दुखण्याच्या आधी होतं आणि ते अवजारात असतं. बोथट विळ्याला दुप्पट जोर लागतो, तो जोर मनगटातून जातो. सोयाबीन कापायला जाण्याआधी कानशीनं धार लावणं हे खरं म्हणजे कंडरेचं औषध. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा बायांना आवडतो तो त्यामुळेच. त्याला धार पुन्हा पुन्हा लावावी लागत नाही, ओढला की कापतो. बारीक मुठीला चिंधी गुंडाळून जाड केली की बोटं कमी आवळावी लागतात. परभणीलाच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १९७२ मध्ये स्थापन झालेलं. लोक ते 'परभणी मोती' ज्वारीसाठी ओळखतात. तिथल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शेतकरी बायांचे कष्ट कमी करण्यावर बरीच वर्षं काम चाललंय. त्यातली साधीसुधी बाब म्हणजे वेचलेल्या कापसाचं ओझं पोटावरच्या ओटीत लोंबत ठेवण्याऐवजी दोन्ही खांद्यांवर वाटणारी पिशवी. ओटी भरत गेली की बाई पुढे झुकते, झुकली की हात लांबून ओढतो, लांबून ओढला की मनगट जास्त वळतं. दुखणं अंगठ्यात असतं, कारण कमरेला बांधलेलं.

सगळीच दुखणी मात्र अशी नसतात, आणि चूक इथे महागात पडते. पुणे जिल्ह्यातलं भिगवण फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध आहे. हाडासांध्यांच्या डॉक्टरांत ते वेगळ्या कारणासाठी माहीत आहे. १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली तिथे घरोघर जाऊन सांधे-स्नायूंची दुखणी मोजली. चार हजारांवर प्रौढांत साधारण १८ टक्के लोकांना असं काही ना काही दुखत होतं. रुमेटॉइड, म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणतो तो खरा दाहाचा सांधेरोग, एकूण प्रौढांतल्या अर्ध्या टक्क्यालाच होता. गावात मात्र जे दुखेल ते 'वात' असतं. फरक सकाळी कळतो. झिजेच्या किंवा अतिवापराच्या सांध्याचा ताठरपणा दहा-वीस मिनिटांत जातो, रुमेटॉइडचा तासभर टिकतो, दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळांशी सारखाच असतो, आणि त्यात खरी सूज असते, तीच जी जुनाट दुखणाऱ्या कंडरेत शोधून फारशी सापडत नाही. त्याला वेळेत औषध मिळालं नाही तर बोटं वाकडी होतात. चिकुनगुन्याचं आणखी निराळं. १९७३ मध्ये त्याची साथ सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आली होती, मग तो जवळजवळ तीस वर्षं गायब होता, आणि २००५-०६ मध्ये परतला तेव्हा मराठवाड्यातली माणसं ताप उतरल्यावरही महिनोन् महिने भिंत धरून चालत होती. एकच सांधा लाल, गरम झाला आणि ताप आला, किंवा रात्री बोटं बधिर होऊन जाग येऊ लागली, तर शेक घेत बसू नये.

मावशींनी पट्टी बांधली, इंजेक्शन एकच घेतलं, डावा-उजवा बदलत राहिल्या आणि बाजाराच्या दिवशी खरोखर घरी राहिल्या. त्यांच्या मालकांनी यंदा फरदड, म्हणजे त्याच पऱ्हाट्या ठेवून पुढचा कापूस, घेतली नाही, गुलाबी बोंडअळीच्या भीतीनं. फेब्रुवारीत पऱ्हाट्या उपटायच्या होत्या. हे काम वेचणीच्या दसपट वाईट, नुसत्या हातानं केलं तर. पण घरात लोखंडी चिमटा होता, खोडाला खाली पकड बसते आणि लांब दांडा वर उचलला की मूळ आपसूक येतं. तो मावशींच्या हाती दिला.

"काय म्हणतो अंगठा?" मी विचारलं.

त्यांनी अंगठा मुठीत घातला, मूठ करंगळीकडे झुकवली, थोडी, मग आणखी थोडी. "ओढतंय. पण कळ नाही." आणि पऱ्हाट्यांची मोळी चुलीशी टाकून पीठ काढायला उठल्या.